उसना घोडा, राजाचा घोडा: मध्ययुगीन युरोपातले काही कायदे

खोगीरभरती (धागाकर्ता)

वेल्सचा राजा हवेल दा इ.स. ९५० च्या आसपास वारला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी कायद्याची संहिता आज आपल्याला मिळते ती तेराव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या हस्तलिखितांतून. तिच्यात एक कलम आहे. दुसऱ्याचा घोडा मागून नेला आणि पाठीवरचे केस झडेपर्यंत दामटला, तर दंड ४ पेन्स. कातडी सोलवटून मांस उघडं पडलं तर ८. हाडापर्यंत गेलं तर १६.

आणि घोडा न विचारताच नेला तर? चढल्याचे ४ पेन्स, उतरल्याचे ४, आणि मध्ये जेवढे ‘रांदिर’ (गावजमिनीचा एक ठरलेला हिस्सा) ओलांडले त्या प्रत्येकाचे ४. रिक्षाचं मीटरच की.

विक्रीचंही तसंच बारकाईने लिहिलंय. घोडा विकणाऱ्याने भोवळीच्या रोगाची हमी तीन रात्रींची द्यायची, फुप्फुसाच्या रोगाची तीन महिन्यांची, आणि कातडीवर गाठी उठतात त्या फार्सी रोगाची वर्षभराची. लिहिणाऱ्याला कोणतं दुखणं किती दिवस लपवता येतं हे पक्कं ठाऊक होतं. घोड्याच्या बाजारात कधीतरी फसलेला असणार!

चिलखतातला सरदार, हातात भाला, खाली फुरफुरणारा घोडा हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून सुरुवात मुद्दाम इथून केली. मला वाटतं, मध्ययुगीन युरोपात घोडा समाजात कुठवर शिरला होता हे रणांगणापेक्षा दंडांच्या याद्यांत जास्त नीट दिसतं. लढाई वर्षातून काही दिवस. मागून आणलेला, चोरलेला, विकलेला, कुणाला लाथ मारलेला, बापामागे वाटून घ्यायचा घोडा मात्र बारमाही.

थोडं मागे जाऊ. सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, क्लोव्हिस राजाच्या काळातला फ्रँक लोकांचा सॅलिक कायदा हे बऱ्याच अंशी दरपत्रकच आहे. गाडी ओढणारा घोडा चोरला तर ४५ सॉलिडी (सोन्याची नाणी), तेही घोड्याची भरपाई करून वर. राजाचा अंडील घोडा चोरला तर ९०. त्याच कायद्यात स्वतंत्र फ्रँक माणसाला मारलं तर त्याच्या नातलगांना द्यायचे २०० सॉलिडी. आता तुम्हीच भागाकार करा.

एवढी रोकड बहुतेकांकडे नसायची. म्हणून रिपुअरियन फ्रँकांच्या कायद्यात (सातवं शतक) दंडापोटी वस्तू द्यायच्या तर कशाचे किती धरायचे हे ठरवून दिलंय. बैल २ सॉलिडी, घोडी ३, शिरस्त्राण ६, म्यानासकट तलवार ७, चांगलं चिलखत १२, घोडा १२. घोडा चिलखताच्या भावाचा. त्यातही घोडा ‘डोळस आणि धडधाकट’ असला पाहिजे असं कायदा बजावतो. आंधळं जनावर दंडापोटी गळ्यात मारायचा उद्योग कुणीतरी आधी करून बसलेला दिसतो.

इंग्लंडमध्ये कनूट राजाच्या कायद्यात (१०२० च्या दशकात) अर्ल (सर्वांत वरचा सरदार) मेला की राजाला काय काय द्यायचं याची यादी आहे: ८ घोडे, त्यांतले ४ खोगिरासह, ४ बिनखोगिराचे, ४ शिरस्त्राणं, ४ चिलखतं, ८ भाले, ८ ढाली, ४ तलवारी आणि २०० मँकस (सोन्याचं एक माप) सोनं. राजाचा खास ‘थेन’, म्हणजे अर्लच्या खालचा सरदार, असेल तर ४ घोडे, २ तलवारी, ४ भाले, ४ ढाली, एक शिरस्त्राण, एक चिलखत आणि ५० मँकस. मूळ विचार असा की ही सामग्री धन्यानेच चाकराला दिलेली, चाकर गेला की ती परत. इथवर ठीक. पुढे हाच ‘हेरिअट’ खाली झिरपला आणि कूळ मेलं की जमीनदार त्याच्या गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर नेऊ लागला. ते त्याने कधी दिलेलंच नव्हतं. दुसऱ्या नंबरचं जनावर चर्चला. बाप गेला की पाठोपाठ औतही मोडायचं.

१०८६ च्या डोम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या सरकारी मोजणीत, लुइस गावच्या बाजाराची पट्टी दिली आहे. घोडा विकणाऱ्याने एक पेनी द्यायची, घेणाऱ्याने एक. बैलाला अर्धी पेनी. माणसाला ४ पेन्स. माणूस म्हणजे गुलाम, आणि तो बैलाच्या लगेच पुढे. लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही विशेष वाटलेलं दिसत नाही.

इंग्लंडच्या जॉन राजाने सरदारांना दिलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेतही घोडा आहे. १२१५ च्या मूळ सनदेचं ३०वं कलम: शेरीफने (परगण्यावरच्या राजाच्या कारभाऱ्याने) किंवा राजाच्या कुणा अधिकाऱ्याने स्वतंत्र माणसाचा घोडा अगर गाडी त्याच्या संमतीशिवाय वाहतुकीला घ्यायची नाही. जॉन राजा १२१६ मध्ये मेला आणि त्याच वर्षी सनद पुन्हा काढली गेली. तिच्यात संमती गळाली, भाडं आलं: दोन घोड्यांच्या गाडीला दिवसाला १० पेन्स, तीन घोड्यांच्या गाडीला १४. सरकारी कामाला गाड्या कशा ‘मागवल्या’ जातात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना नवल वाटणार नाही.

माझं सर्वांत लाडकं कलम मात्र जर्मन आहे. आइके फॉन रेपगो याने साधारण १२२० ते १२३५ च्या दरम्यान सॅक्सनीचा रूढ कायदा ‘साख्सनश्पीगेल’ या ग्रंथात लिहून काढला. त्यात म्हटलंय, वाटसरूचा घोडा थकून बसला तर रस्त्याकडेचं धान्य कापून त्याला घालायला हरकत नाही. अट अशी की एक पाय रस्त्यावर ठेवून हात पोचेल तेवढंच कापायचं, आणि बरोबर काही न्यायचं नाही. ना मोजमाप, ना पंचनामा. शेतकऱ्याचं नुकसान किती होईल ते माणसाच्या हातापायांच्या लांबीवरच ठरलं. उंच वाटसरूला थोडा फायदा, एवढाच काय तो अन्याय.

लांबलं. लढाईचे घोडे मुद्दाम बाहेर ठेवलेत, कुणीतरी ते आत आणणारच.

दुपारची डुलकी

लेख आवडला. पण ४ पेन्स म्हणजे जास्त की कमी हे कळल्याशिवाय मजा नाही. तेव्हा ४ पेन्सना काय यायचं?

खोगीरभरती

उत्तर त्याच संहितेत आहे. पूर्ण वाढलेली गाय ६० पेन्स. मांजराचं पिल्लू डोळे उघडेपर्यंत १ पेनी, उंदीर धरेपर्यंत २, धरायला लागलं की ४. म्हणजे घोड्याचे केस झडले की एक कामाची मांजर गेली, हाड दिसलं तर चार मांजरी. किंवा पाव गायीहून थोडं जास्त. शेजाऱ्याचं तोंड बंद व्हायला पुरेसं, आपलं दिवाळं निघायला अपुरं. दंड असाच असावा.

टाचणी

लढाईचे घोडे ‘मुद्दाम बाहेर’ ठेवून मध्ययुगाच्या कायद्यावर लिहायचं? मग घोडं पेंड खातंय कुठे तेच कळणार नाही. सगळी सरंजामशाही घोड्यावर उभी आहे. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६२ मध्येच मांडलं होतं: आठव्या शतकात फ्रँकांकडे रिकीब आली, त्यामुळे स्वार खोगिरात घट्ट बसून भाल्याला घोड्याचा अख्खा रेटा देऊ लागला. असा स्वार पोसायचा तर जमीन हवी. म्हणून फ्रँकांचा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याने चर्चच्या जमिनी काढून स्वारांना दिल्या. जमिनीच्या बदल्यात सेवा, आणि मध्ययुगाचा अर्धा कायदा या एका व्यवहारातून निघतो. तुम्ही मांजरीचे भाव सांगत बसलात.

रेषेवरची मुंगी

टाचणी, हा सिद्धांत मांडल्याच्या पुढच्याच वर्षी पीटर सॉयर आणि रॉडनी हिल्टन यांनी तो सोलून काढला होता. नंतर बर्नार्ड बाकराकने पुरावे तपासले. आठव्या शतकातल्या फ्रँक थडग्यांत रिकिबी फारच थोड्या सापडतात, आणि त्या काळच्या मोहिमा पाहिल्या तर वेढे जास्त, घोडदळाच्या धडका कमी. शिवाय युरोपात रिकीब आणली ती पूर्वेकडून आलेल्या आवार या भटक्या लोकांनी, सहाव्या शतकात. पुढे ती बायझंटाइनांकडे होती, अरबांकडे होती. त्यांच्याकडे नाही उगवली फ्रँकांसारखी सरंजामशाही. एका लोखंडी कडीवर एवढी मोठी इमारत नको.

टाचणी

रिकीब सोडली. खर्चाचा मुद्दा सोडत नाही. घोडा पोसणं महाग होतं आणि ज्याला परवडतं त्याच्यावर कायदा जबाबदारी टाकत होता. हे नाकारणार का?

खोगीरभरती

अजिबात नाही, ते तर कागदोपत्री आहे. इंग्लंडच्या १२८५ च्या विंचेस्टर कायद्यात प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे घरात शस्त्रं ठेवायची होती. १५ पौंड उत्पन्नाची जमीन आणि ४० मार्कांची (मार्क म्हणजे पौंडाचा दोन-तृतीयांश) मालमत्ता असेल तर चिलखत, लोखंडी टोप, तलवार, सुरा आणि घोडा. १० पौंडांची जमीन आणि २० मार्कांची मालमत्ता असेल तर घोडा वगळून. घोड्याची ओळ १० आणि १५ पौंडांच्या मध्ये कुठेतरी होती.

पण हे उलट्या बाजूनेही बघा. सरकारला तुमच्या घोड्यात रस आहे म्हटल्यावर तो तुमचा पूर्ण राहत नाही. इंग्लंडच्या अथेलस्टन राजाच्या कायद्यात, म्हणजे दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, समुद्रापार घोडा पाठवायला बंदी आहे. भेट म्हणून द्यायचा असेल तरच सूट. फ्रान्सिआत, म्हणजे फ्रँकांच्या मुलखात, चार्ल्स द बाल्ड राजाने ८६४ मध्ये पीत्र इथून फर्मान काढलं: उत्तरेकडच्या लुटारूंना, म्हणजे व्हायकिंगांना, घोडा, शस्त्र किंवा चिलखत विकणाऱ्याला मृत्युदंड. घोडा आणि शस्त्र एकाच वाक्यात, एकाच शिक्षेला.

सातारी तट्टू

आपल्याकडे शिवकालात बारगीर आणि शिलेदार असा सरळ भेद होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. लढाईत घोडा पडला तर बारगिराचं नुकसान सरकारचं, शिलेदाराचं ज्याचं त्याला. इंग्लंडच्या राजाकडे चाकरीला आलेल्या सरदाराचा घोडा मेला तर काय व्हायचं? त्याचा त्यालाच फटका?

खोगीरभरती

चांगला प्रश्न विचारलात. बराच काळ भरपाई मिळायची, तिला ‘रेस्टॉर’ म्हणत. मोहीम सुरू होताना राजाचे कारकून प्रत्येक घोड्याची किंमत ठरवून नोंदवायचे: मालकाचं नाव, घोड्याचा रंग, किंमत. घोडा राजाच्या चाकरीत मेला की तेवढे पैसे मालकाला. एडवर्ड पहिल्याच्या १२९८ च्या फॉल्कर्क मोहिमेतल्या अशा याद्या आजही उपलब्ध आहेत. लढाईचं वर्णन करणारे इतिवृत्तकार सैन्याचे आकडे फुगवतात. या याद्यांमध्ये पैसे गुंतलेले असल्यामुळे त्या जास्त विश्वासाच्या. कोणत्या तुकडीचे किती घोडे पडले यावरून कोण खरंच झुंजला याचा अंदाजही इतिहासकार त्यांतून बांधतात.

म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर शिलेदारच, पण घोड्याचा विमा सरकारकडे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत बंद पडली. तोवर बरीचशी लढाई घोड्यावरून उतरून व्हायला लागली होती आणि राजाला हा खर्च नकोसा झाला होता.

किमती किती? एडवर्ड तिसऱ्याने १३३० च्या दशकात घेतलेले तीन घोडे नावानिशी माहीत आहेत. पोमर्स १२० पौंड, लेब्रिट ७०, बायार्ड ५०. त्या काळी नाइटचा (घोडेस्वार सरदाराचा) रोज २ शिलिंग; १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. पोमर्स म्हणजे नाइटचा १२०० दिवसांचा पगार. दिवसाला २ पेन्स मिळवणाऱ्या पायदळी तिरंदाजाने काही न खाता-पिता साठवलं असतं तर ३९ वर्षं लागली असती.

सातारी तट्टू

३९ वर्षं! पोमर्सची चंदी वेगळीच असेल म्हणजे. धन्यवाद, सविस्तर उत्तर दिलंत.

मुळशीकर

हे घोडे दिसायला कसे होते? सिनेमात तर हत्तीएवढे दाखवतात.

रेषेवरची मुंगी

सिनेमावाले ओढकामाचे आधुनिक घोडे आणतात. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमध्ये उत्खननांत सापडलेली घोड्यांची हाडं मोजली. मध्ययुगातले बहुतेक घोडे १४.२ हँडपेक्षा, म्हणजे खांद्यापाशी सुमारे ४ फूट १० इंचांपेक्षा, बुटके निघाले. आजच्या व्याख्येत ते पोनी. किमती आणि उंचीचा संबंध नाही असं नाही, पण दाम शिक्षणाचा, चालीचा आणि छातीचा जास्त होता.

उकडीचा मोदक

एक शंका. म्हातारा झालेला घोडा खात का नसत? बैल खातातच की.

खोगीरभरती

आधी खात. पोप ग्रेगरी तिसऱ्याने इ.स. ७३२ च्या सुमारास जर्मनीत धर्मप्रसार करणाऱ्या बोनिफेसला पत्र लिहून रानटी आणि पाळीव दोन्ही घोड्यांचं मांस बंद करायला सांगितलं, ते घाणेरडं आणि किळसवाणं आहे म्हणून. जुन्या देवांपुढे घोडा कापून खायची चाल उत्तरेत होती, तिचा यात वाटा असावा असं बरेच जण मानतात. आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास आल्थिंग सभेत ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा तडजोडीत दोन सवलती मागून घेतल्या. एक, नकोशी अर्भकं उघड्यावर टाकून देण्याची. दोन, घोड्याचं मांस खाण्याची. काही वर्षांत दोन्ही गेल्या. ज्या बेटावर धान्य जेमतेम पिकतं तिथे घोड्याचं मांस सोडणं ही चैन होती, हे सभेतल्या लोकांना कळत होतं.

आणि हे फक्त धर्मापुरतं राहत नाही. वॉल्टर ऑफ हेन्ली हा तेराव्या शतकातला शेतीव्यवहार लिहिणारा इंग्रज. तो नांगराला बैलच धरा म्हणतो. घोड्याला ओट लागतात, नाल लागतात, आणि म्हातारा झाला की हातात कातडं तेवढं उरतं. बैल म्हातारा झाला तरी १० पेन्सचं गवत घालून खाटकाला द्या, घेतलेल्या किमतीला जातो. पोपच्या पत्राचा परिणाम साडेपाचशे वर्षांनी जमाखर्चात असा उतरला. तरी इंग्लंडच्या छोट्या शेतकऱ्यांनी हळूहळू घोडाच जवळ केला. एकच जनावर नांगर, गाडी, बाजार सगळ्याला चालतं. वॉल्टर मोठ्या जमीनदारांसाठी लिहीत होता, त्याच्याकडे प्रत्येक कामाला वेगळं जनावर होतं.

रेषेवरची मुंगी

वकिली करतो म्हणून एक भर. इंग्रजी कायद्यात ‘डिओडँड’ नावाची चीज होती. माणूस अपघाताने मेला तर ज्या वस्तूने किंवा जनावराने मृत्यू घडवला ते, किंवा त्याची किंमत, राजाकडे जमा. ती पुण्यकार्याला लावायची असा दंडक. कोरोनरच्या (अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नोंदींत घोडा वारंवार येतो: लाथ मारणारा, स्वाराला पाडणारा, गाडीखाली कुणाला घेणारा. किंमत ठरवायची गावातल्याच पंचांनी, म्हणजे ज्युरीने. आता विचार करा, शेजाऱ्याच्या पोटापाण्याचा घोडा आहे, चूक कुणाचीच नाही, आणि पैसे जाणार राजाला. किमती कशा लागत असतील? बऱ्याचदा पडेलच.

हा कायदा १८४६ पर्यंत टिकला. मारला कुणी? रेल्वेने. १८४१ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेला सॉनिंगच्या खिंडीत अपघात झाला, तेव्हा ज्युरीने इंजिनावर १००० पौंडांचा डिओडँड लावला. शेजाऱ्याच्या घोड्याला दयामाया दाखवणाऱ्या ज्युरीला कंपनीच्या इंजिनाची दया येईना, आणि पार्लमेंटला अचानक आठवलं की हा कायदा रानटी आहे.

टाचणी

डिओडँडमध्ये घोड्यावर आरोप नसतो, तो फक्त जप्त होतो. फ्रान्सच्या बाजूला याहून विचित्र प्रकार होता. तिथे जनावरावर रीतसर खटला चालायचा. बहुतेक डुकरांवर, पण १३८९ मध्ये दिजाँला माणूस मारल्याबद्दल एका घोड्याला देहांताची शिक्षा झाल्याची नोंद आहे. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १२८३ मध्ये, बोव्हेझी प्रांताचे रिवाज लिहून काढणाऱ्या फिलिप द बोमान्वारने स्वच्छ सांगितलं होतं की जनावराला बऱ्यावाइटाची जाण नाही, त्याला शिक्षा करण्यात अर्थ नाही. कायदेपंडिताचं कोण ऐकतो!

रेषेवरची मुंगी

शेवटच्या वाक्याला सहाशे अनुमोदनं.

ड्रेस्डेनकर

साख्सनश्पीगेलबद्दल वाचून बरं वाटलं. त्याच्या चारच सचित्र प्रती उरल्या आहेत: हायडेलबर्ग, ओल्डेनबुर्ग, वोल्फेनब्युटेल आणि आमची ड्रेस्डेनची. ड्रेस्डेनच्या प्रतीला दुसऱ्या महायुद्धात पाणी लागलं, बरीच खराब झाली.

त्यात रस्त्याचाही नियम आहे. राजरस्ता एवढा रुंद हवा की एका गाडीला दुसरीसाठी जागा देता यावी. रिकाम्या गाडीने भरलेल्या गाडीला वाट द्यायची, कमी भरलेलीने जास्त भरलेलीला. घोडेस्वाराने गाडीला. पायी चालणाऱ्याने घोडेस्वाराला. अरुंद वाटेवर किंवा पुलावर मात्र गाडीने थांबायचं आणि स्वाराला, पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं. सरदार किंवा कूळ याचा उल्लेखही नाही, कुणाला वळणं किती अवघड आहे एवढंच पाहिलंय.

वारसाचंही सांगतो. नवरा मेला की विधवेने त्याच्या पुरुष वारसाला ‘हेरगेवेटे’ द्यायचं: तलवार, खोगीर घातलेला सर्वांत चांगला घोडा, सर्वांत चांगलं चिलखत वगैरे. बायकांकडे जाणारा वाटा वेगळा, त्यात मेंढ्या, हंस, कापडचोपड, दागिने. आणि भाऊ दोन-तीन असतील तर थोरल्याने आधी तलवार उचलायची, बाकीचं समान वाटून घ्यायचं.

दुपारची डुलकी

घोडा समान कसा वाटायचा? पुढचा अर्धा धाकट्याला?

ड्रेस्डेनकर

किंमत काढायची आणि भांडायचं, दुसरं काय. भाऊबंदकी इथेही भरपूर होती.

निवांत नाना

धागा छान चाललाय. यात एक घोडा राहिला, पोपचा. सम्राटाने पोपच्या घोड्याचा लगाम धरून चार पावलं चालायचं आणि तो उतरताना रिकीब धरायची, असा रिवाज होता. ७५४ मध्ये पाँत्यों इथे पिपिन राजाने पोप स्टीफन दुसऱ्याचा घोडा असाच चालवत नेला होता. जर्मन राजा लोथार तिसऱ्यानेही लीएज इथे ११३१ मध्ये इनोसन्ट दुसऱ्याचा लगाम धरला.

जून ११५५ मध्ये इटलीतल्या सुत्रीजवळ जर्मन राजा फ्रेडरिक बार्बारोसा आणि पोप हेड्रियन चौथा भेटले. पोप घोड्यावरून आला, फ्रेडरिकने रिकीब धरली नाही. बरोबरचे कार्डिनल घाबरून पळाले. फ्रेडरिक पाया पडला, तर पोपने शांततेचं चुंबन नाकारलं: आधी रिकीब. मग दोन्ही बाजूंची घासाघीस. लोथारबरोबर इटलीला आलेल्या वृद्ध सरदारांना विचारलं, तेव्हा काय झालं होतं? त्यांनी साक्ष दिली, आणि मग कुठे फ्रेडरिकने लगाम धरून घोडा चालवला.

एवढं काय अडलं होतं? धन्याचा घोडा धरणं हे चाकराचं काम. रिकीब धरली याचा अर्थ सम्राटपद पोपकडून इनाम मिळालंय असा लावता आला असता, आणि तो लावलाही जात होता. पोपच्या रोममधल्या लॅटेरन राजवाड्यात लोथारचं एक चित्रच होतं, खाली ओळ: तो पोपचा ‘माणूस’ झाला. फ्रेडरिक त्या चित्रावर भडकला होता. दस्तऐवज नाही, मोहोर नाही, एक पाय आणि एक रिकीब, आणि त्यावर दोन सत्तांचा वाद.

त्याच वर्षाच्या शेवटी याच फ्रेडरिकने वर्म्सला शांतता मोडणाऱ्या मोठ्या सरदारांना कुत्रा उचलून चालायची शिक्षा दिली. इतिवृत्तकार ओटो ऑफ फ्रायझिंगने हा रिवाज नोंदवलाय: उमराव असेल तर कुत्रा, त्याच्या खालचा चाकरमान्या सरदार असेल तर खोगीर, शेतकरी असेल तर नांगराचं चाक. जो ज्याचा अभिमान, तो त्याच्या डोक्यावर.

खोगीरभरती

नाना, दंडवत. चर्चच्या घोड्यांवरून आठवलं. ११७९ च्या तिसऱ्या लॅटेरन परिषदेने पाहणीदौऱ्यावर जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना घोड्यांची मर्यादा घालून दिली. आर्चबिशप ४० ते ५०, कार्डिनल २० ते २५, बिशप २० ते ३०, आर्चडीकन ५ ते ७, डीन २. शिकारी कुत्रे आणि ससाणे बरोबर आणायचे नाहीत. कारण त्याच कलमात दिलंय: या मंडळींचा पाहुणचार करता करता खालच्या चर्चना पूजेच्या वस्तू विकाव्या लागतात, आणि कित्येक दिवसांचं अन्न तासाभरात फस्त होतं. ही सुधारल्यानंतरची मर्यादा बरं का. आधी किती घेऊन फिरत असतील!

दुपारची डुलकी

ज्याच्याकडे घोडा नाही, जमीन नाही, पण प्रवास करायचाय, त्याचं काय? भाड्याने मिळायचे का?

खोगीरभरती

मिळायचे. लंडनपलीकडच्या सदर्कहून डोव्हरच्या वाटेवर तर टप्प्याटप्प्याने. भाड्याचे घोडे ठेवणाऱ्यांच्या तक्रारीवरून १३९६ मध्ये रिचर्ड दुसऱ्याने दर बांधून दिले: सदर्क ते रॉचेस्टर १२ पेन्स, रॉचेस्टर ते कँटरबरी १२, कँटरबरी ते डोव्हर ६. तक्रार अशी होती की लोक घोडा घेतात, भाडं बुडवतात, आणि पुढे नेऊन विकूनही टाकतात. म्हणून या घोड्यांना डाग द्यायचा, म्हणजे विकत घेणाऱ्याला कळेल.

सातारी तट्टू

डाग आपल्याकडेही. मुघलांच्या मनसबदारांना घोडे डागून आणि स्वारांचा चेहरा लिहून द्यावा लागे, नाहीतर एकच घोडा दोन तुकड्यांत मोजला जायचा.

मुळशीकर

सदर्क ते डोव्हर अडीच शिलिंग म्हणजे. नाइटच्या सव्वा दिवसाचा पगार, आणि परतीचे वेगळे. मग साधा माणूस पायीच जात असणार.

खोगीरभरती

पायीच. किंवा कुणाच्या तरी गाडीत मालावर बसून, गाडीवाल्याशी आधी भाव ठरवून.